आजोबा विकारी, आजी अव्यय

वाचकहो, दिवाळीच्या अंकात या सदराने चकली-चिवड्यासारखे काहीतरी खुसखुशीत पुढे ठेवावे, अशी तुमची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. पण यंदा मी तुमच्यापुढे चक्क व्याकरण ठेवणार आहे. आणि तेही मराठी नव्हे, रशियन! लगेच पान उलटू नका. त्या व्याकरणातल्या एका चिमुकल्या शब्दापायी आमच्या घरात आजोबा आणि नात यांच्यात जवळजवळ महिनाभर अबोला पडला होता, एवढे सांगितले तर पुढचे ऐकाल ना?

आमचे चिरंजीव नोकरीच्या निमित्ताने मॉस्कोला गेले आणि तिथलेच झाले. सूनबाई रशियन. स्वभावाने लाघवी, पण मराठी येत नाही. चिरंजीव सकाळी बाहेर पडतात ते रात्री परततात. त्यामुळे नातीच्या वाट्याला मराठी येते ते फक्त रविवारी, आणि तेही घाईघाईचे. गेल्या वर्षी पोर महिनाभर पुण्याला येऊन गेली. जाताना आजी, आजोबा, पाणी, लाडू आणि नको एवढे पाच शब्द घेऊन गेली. पाच शब्दांवर महिना निघतो. जन्म निघत नाही. दर रविवारी फोनच्या पडद्यावर ती दिसायची, भराभरा काहीतरी सांगायची, आणि आम्ही दोघे म्हातारे नुसते हसत माना डोलवायचो. एके दिवशी तिने काही विचारले, मी मान डोलावली आणि ती रडायलाच लागली. मागाहून कळले, की "मी तिकडे येऊ नको का?" असे ती विचारत होती! त्याच आठवड्यात मी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी रशियनच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातले.

वर्गात सगळी विशी-बाविशीची मुले. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "शब्दांच्या जाती किती?" मुले एकमेकांकडे पाहू लागली. माझ्या कानांत मात्र आमच्या मास्तरांची छडी वाजली आणि मी ताडकन उभा राहून म्हणालो, "आठ! नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी!"

बाई हसल्या. "बसा काका. मराठीत आठ. रशियन शाळेत दहा शिकवतात."

शब्दांना जातीच का लागतात, हे सांगायला बाईंनी फळ्यावर एक वाक्य लिहिले : 'लंबूट ढिंबरीने गुरकाला मुंजाळले.' म्हणाल्या, "यातला एकही शब्द कोशात सापडणार नाही. तरी मला सांगा, कोणी कोणाला काय केले?" आणि गंमत अशी, की सगळ्यांना सांगता आले! ढिंबरी नावाच्या कोणा लंबूट प्राण्याने गुरक नावाच्या दुसऱ्या प्राण्याला काहीतरी केले, आणि ते करून झाले. शब्दाचा अर्थ कळला नाही तरी त्याची जात त्याच्या शेपटीवरून कळते. लेव्ह श्चेर्बा नावाच्या मोठ्या रशियन भाषापंडिताने अशाच बनावट शब्दांचे एक रशियन वाक्य रचून आपल्या विद्यार्थ्यांना हाच धडा दिला होता. ते वाक्य रशियात आजही प्रसिद्ध आहे.

आता आठाचे दहा कसे झाले? आपल्याकडे यास्काचार्यांनी निरुक्तात चारांवरच भागवले होते : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. युरोपात आठांची परंपरा ग्रीकांपासून चालत आली. इंग्रजी व्याकरणाच्या वाटेने ती आपल्या शाळेत शिरली, आणि तिकडे स्लाव्ह पंडितांनीही तीच उचलली. मेलेती स्मोत्रित्स्की याच्या १६१९ सालच्या व्याकरणात आठच जाती आहेत. कोळ्याचा मुलगा, पण रसायनशास्त्रापासून काव्यापर्यंत सगळीकडे संचार असलेला लोमोनोसोव्ह याने १७५५ साली रशियन भाषेचे व्याकरण रशियनमध्येच लिहून पुरे केले. ते १७५७ साली छापून बाहेर पडले, आणि त्यातही जाती आठच! आपल्या दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण निघाले १८३६ साली, हे सहज आठवले म्हणून सांगतो. पुढे काय झाले, तर लोमोनोसोव्हने स्वतंत्र मानलेले धातुसाधित विशेषण क्रियापदाच्या घरात गेले; आठातून एक वजा. जुन्या 'नामा'च्या एकत्र कुटुंबातून विशेषण आणि संख्यावाचक वेगळे निघाले, दोन अधिक. आणि इकडेतिकडे आश्रयाला राहणाऱ्या बारीकसारीक निपातांना स्वतःची खोली मिळाली, आणखी एक. झाले दहा! अर्थात भाऊबंदकीचे दावे काही संपलेले नाहीत. धातुसाधितांना अजूनही स्वतंत्र जात मानणारे व्याकरणकार तिकडे आहेतच.

नामाला रशियन भाषेत म्हणतात 'ईम्या'. हा आपल्याच 'नामा'चा लांबचा भाऊ. लिंगे आपल्यासारखीच तीन, पण ओळखण्याची खूण उलटी. आपला घोडा, आंबा, दादा हे आकारान्त म्हणून पुल्लिंगी. तिकडे शेवटी आ आला, की बहुधा स्त्रीलिंगी. 'क्नीगा' म्हणजे पुस्तक, ते स्त्रीलिंगी. 'दोम' म्हणजे घर, ते पुल्लिंगी. अपवाद नात्यागोत्याचे : 'पापा' म्हणजे बाबा आणि 'द्येदुश्का' म्हणजे आजोबा. हे पुरुष खरे, पण विभक्ती चालवताना वेष बायकांचा! विभक्त्या सहा. संबोधन जुन्या काळी होते, ते झिजून गेले; पण बोलताना लोकांनी नवे काढले आहे. हाक मारताना शेवटचा आ गिळायचा. मामाची, म्हणजे आईची, 'माम!' होते आणि पापाचे 'पाप!' आमच्या चिरंजीवांना त्यांची कन्या दिवसातून दहा वेळा 'पाप!' म्हणते, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी कानांवर हात ठेवले होते. मला ती 'आजोब!' अशी अर्धवट हाक का मारते आणि माझ्या शेपटावर तिचा काय राग, याचाही उलगडा त्या दिवशी झाला. तो राग नव्हता. ते लाडाचे संबोधन होते.

विशेषण तर अगदी घरचे. नवे घर 'नोवी दोम', नवी पुस्तिका 'नोवाया क्नीगा', नवे तावदान 'नोवोये अक्नो'. नवा, नवी, नवे! आपले 'सुंदर' किंवा 'लाल' मात्र कोणापुढे वाकत नाहीत. तिकडे बहुतेक सगळीच विशेषणे नामापुढे नम्र.

संख्यावाचकांची तऱ्हा न्यारी. 'द्वा', 'त्री', 'चितीर्ये' ऐकताना संस्कृतच ऐकतो आहोत असे वाटते. पण दोन, तीन, चार यांच्यापुढे नाम एकवचनी षष्ठीत आणि पाचापासून पुढे अनेकवचनी षष्ठीत. एकवीस आले, की पुन्हा साधे एकवचन. आमच्या किराणा दुकानदाराला असे मोजायला लावले, तर तो संध्याकाळपर्यंत दुकान बंद करील.

सर्वनामात 'ती' म्हणजे तू आणि 'वी' म्हणजे तुम्ही. आदराथी अनेकवचन अगदी आपल्यासारखे. शिवाय इंग्रजीला जे कधी जमले नाही, ते 'आपला' तिकडे आहे : 'स्वोई'. तो आपले पुस्तक वाचतो, म्हणजे स्वतःचेच, शेजाऱ्याचे नव्हे. हा 'स्वोई' म्हणजे आपल्या 'स्व'चा सख्खा नातलग.

क्रियापदात मराठी माणसाला निम्मे श्रम माफ. मी आलो की आले, हे आपल्याला सांगावे लागते. भूतकाळात रशियनलाही तेच सांगावे लागते : पुरुष 'प्रिशोल', बाई 'प्रिश्ला'. भूतकाळात त्यांच्याकडेही ल! पण तेवढ्यावरून सोयरीक जुळवू नये. दोघांचे ल वेगवेगळ्या वाटांनी आलेले आहेत. खरी परीक्षा पुढे. रशियन क्रियापदे जोडीने हिंडतात. 'चितात' म्हणजे वाचत असणे आणि 'प्रचितात' म्हणजे वाचून काढणे. "काल पुस्तक वाचलेस का?" या प्रश्नाला वाचत बसलास की संपवलेस, हे उत्तरात क्रियापदच सांगून टाकते. आपण ते 'वाचून काढले', 'खाऊन टाकले' अशा जोडक्रियापदांनी सांगतो.

क्रियाविशेषणापाशी पंडितांचे भांडण लागले. 'खोलदना' म्हणजे थंडपणे. तो थंडपणे बघतो, इथे ते क्रियाविशेषण. पण 'मन्ये खोलदना', म्हणजे मला थंडी वाजते, इथे ते काय? कर्ता नाही, क्रियापद नाही. आहे ती फक्त चतुर्थीतली 'मला' आणि अंगावरचा काटा. १९२८ साली श्चेर्बाने अशा शब्दांची 'स्थिती' म्हणून निराळी जात सुचवली. १९४७ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात विनोग्रादोव्हने तिची बाजू घेतली. काहींना ती पटते; काही म्हणतात, क्रियाविशेषणातच राहू द्या. बाईंनी त्या जातीची आणखी उदाहरणे दिली, त्यात एक होते 'मन्ये स्कूचना', मला कंटाळा आला आहे. मी ते वहीत लिहून घेतले. आणि तिथेच घात झाला.

त्याच रविवारी फोन आला. नात आईच्या मांडीवर बसली होती. माझ्याकडे पाहिले, ओठ काढले आणि आईकडे वळून ती म्हणाली, "माम, या स्कुचायु पा आजोब्ये."

माझे कान टवकारले. 'या' म्हणजे मी, हे येत होते. 'आजोब्ये' म्हणजे मीच, हेही कळले. 'स्कुचायु' हे तर त्या 'स्कूचना'चेच क्रियापद! फोन ठेवल्यावर मी जुन्या बाजारातून आणलेला रशियन-इंग्रजी शब्दकोश उघडला. पहिलाच अर्थ : कंटाळणे. 'पा'कडे मी पाहिलेसुद्धा नाही. एवढ्याशा शब्दाला कोण विचारतो?

म्हणजे पोर म्हणत होती, "आई, मला आजोबांचा कंटाळा आला."

वाचकहो, ज्या वाक्यासाठी चार महिने पाढे घोकावे, तेच पहिले वाक्य असे कळावे! मी सौ.ला काही बोललो नाही. पण पुढल्या रविवारी ऐन वेळेला फिरायला निघून गेलो. त्याच्या पुढल्या रविवारी डोके दुखले. तिसऱ्या रविवारी बँकेची कागदपत्रे लावायला घेतली.

"अहो, ती तुम्हांला शोधते आहे," सौ. आतून म्हणाली.

"तुम्ही बोला. मला काम आहे."

"रविवारी बँकेचं काम? मी काय आज ओळखते तुम्हांला?" एवढेच बोलून ती फोनकडे वळली. फोनमधून दोनदा "आजोब! आजोब!" अशी हाक आली. मी कागद खालीवर करीत बसलो. म्हाताऱ्या माणसाचा रुसवा लहान मुलाच्या रुसव्याहून वाईट, कारण त्याला समजूत घालायला कोणी येत नाही.

वर्ग सोडावा असेही मनात आले होते. पण फी भरलेली! तेव्हा गेलो. त्या दिवशी बाईंनी उरलेल्या जाती काढल्या. पहिल्या सहा 'स्वतंत्र' शब्दांच्या. मग तीन 'सेवक' शब्दांच्या : शब्दाच्या आधी लागणारे, जोडणारे आणि निपात. दहावे उद्गारवाचक, ते कोणाच्या घरात राहत नाही, अंगणात ओरडते. जोडणाऱ्या शब्दाचे, म्हणजे उभयान्वयीचे नाव 'सयूझ', म्हणजे संघ. सोव्हिएत संघातला संघ तो हाच. तो १९९१ साली विसर्जित झाला. व्याकरणातला अजून टिकून आहे. निपात म्हणजे आपले च, ही, ना यांच्यासारखे चिमटे. शाळेत आपण च आणि ही यांना शुद्ध शब्दयोगी म्हणून एका कोपऱ्यात बसवतो. रशियन 'झे' पुष्कळ ठिकाणी आपल्या 'च'चेच काम करतो.

"आणि हा 'प्रेदलोग'," बाई म्हणाल्या. "आपले शब्दयोगी नामाच्या मागून येते, यांचे पुढून. आपण 'टेबलावर' म्हणतो, ते 'ना स्तल्ये', म्हणजे आधी वर आणि मग टेबल. आणि गंमत पाहा, 'प्रेदलोग' या शब्दाचा दुसरा अर्थ आहे सबब!"

मी मान खाली घातली. तीन रविवार मी त्याच व्याकरणाचा अभ्यास करीत होतो.

बाईंनी 'पा' घेतला. लिहिताना 'पो', बोलताना बहुधा 'पा'. रस्त्यावरून चालणे, फोनवर बोलणे, दर सोमवारी भेटणे, या सगळ्यांत हाच 'पा' राबतो. मग त्यांनी फळ्यावर लिहिले : 'स्कुचात पा मामे'. "हे नीट लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "स्कुचात एकटे असले तर बहुधा कंटाळणे. पण पुढे पा आणि चतुर्थी आली, की अर्थ फिरतो. आईची आठवण येणे. आईवाचून चैन न पडणे."

माझा हात आपोआप वर गेला. "बाई, आणि... पा आजोब्ये?"

बाईंना क्षणभर कळेना. मग त्या हसल्या. "आजोबा आकारान्त ना? मग पापासारखा चालणार! चतुर्थी आजोब्ये. आजोबांवाचून करमत नाही. कोण म्हणालं, काका?"

मी उत्तर दिले नाही. चष्मा पुसायला काढला.

करमत नाही! माझ्या भाषेत हा शब्द जन्मल्यापासून होता. नुसते "मला करमत नाही" म्हटले तर कंटाळा. "तुझ्यावाचून करमत नाही" म्हटले तर जीव लागलेला. रशियन माणसाने एका क्रियापदात जे साठवले आहे तेच आपणही साठवले आहे. आणि मी शहाणा इंग्रजी कोशाच्या खिडकीतून घरात डोकावत होतो. स्वतंत्र शब्द तेवढे पाठ केले आणि सेवकाला दाराबाहेर उभे केले. सगळा जीव होता त्या सेवकात.

त्या रात्री मी रविवारची वाट पाहिली नाही. फोन लावला. समोर पोर दिसली, पण आज ती गप्प होती. तीन रविवारांचा हिशेब तिच्याजवळही होता. मी घसा साफ केला आणि आयुष्यातले पहिले रशियन वाक्य बोललो : "या तोझे स्कुचायु पा तिब्ये." मलाही तुझ्यावाचून करमत नाही.

ती डोळे मोठे करून पाहत राहिली. मग आईकडे वळून इतक्या मोठ्याने ओरडली, की फोन दूर धरावा लागला. त्या ओरडण्याला व्याकरणात जागा आहे. मी सांगितलेच, दहावी जात अंगणात असते. मग आले एक लांबलचक "आजोऽऽब!"

हे सगळे मी सौ.ला समजावून सांगितले. ती म्हणाली, "तुमचं झालं. पण मी तिथे कोण? माझी चतुर्थी काय?"

मी म्हणालो, "तुझी नाही होत. परभाषेतून आलेले तुझ्यासारखे ईकारान्त शब्द रशियन लोक चालवत नाहीत. त्यांची टॅक्सी जशी सगळ्या विभक्त्यांत टॅक्सीच, तशी आजी सगळीकडे आजीच. मी विकारी. तू अव्यय!"

"विकारी ते दिसलंच गेले तीन रविवार," ती म्हणाली आणि भाजणीच्या चाळणीकडे वळली.

दिवाळीतच नातीचा वाढदिवस येतो. आजवर ती 'चितीर्ये गोदा', म्हणजे चार वर्षांची होती. आता 'प्यात ल्येत' होईल. चारापर्यंत वर्षाला 'गोद' म्हणायचे आणि पाचाला शब्दच बदलायचा, हे ऐकून प्रथम मी वैतागलो होतो. मग बाईंनी सांगितले, की 'ल्येत' हे मुळात 'ल्येता'चे, म्हणजे उन्हाळ्याचे रूप. बर्फाच्या मुलखात माणूस आयुष्याचे उन्हाळे मोजतो. आपला 'वर्ष' निघाला पावसातून, म्हणून आपल्याकडचा म्हातारा म्हणतो, मी इतके पावसाळे पाहिले.

तिचे पाच उन्हाळे आणि माझे अडुसष्ट पावसाळे. बेरीज कोणत्या विभक्तीत करायची, ते पुढल्या धड्यात आहे.